छातीत नळी टाकली, पुढे काय? (अपघातानंतरची आयसीडी)

रातपाळी
नमस्कार मंडळी. मी नाशिकमध्ये सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर आहे. मुंबई-आग्रा हायवे, पुणे रोड, पेठ रोड आणि आता समृद्धी, सगळीकडून पेशंट येतात. हंगामात निफाड-दिंडोरीकडून ट्रॅक्टर उलटलेले, द्राक्षाच्या मंडपावरून पडलेले शेतकरीही येतात. छातीवर मार, बरगड्या मोडलेल्या, फुफ्फुस मिटलेलं आणि बाजूला आयसीडीची (बरगड्यांमधून छातीत टाकलेल्या नळीची) बाटली, असा एखादा बेड वॉर्डात कायम असतोच.

नळी टाकायचं काम डॉक्टर थोड्या वेळात उरकतात. त्यानंतर ती दिवसरात्र सांभाळायची असते, आणि बहुतेक घोळ तिथेच होतात. नातेवाईक बाटलीकडे बघत बसतात, पण नेमकं काय बघायचं हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून हा धागा.

आधी थोडक्यात काय बिघडतं ते. फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये एक बारीक फट असते. तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून फुफ्फुस ताणलेलं, उघडं राहतं. मोडक्या बरगडीचं टोक फुफ्फुसाला लागलं की हवा त्या फटीत शिरते आणि फुफ्फुस मिटतं. रक्तही साठू शकतं. बऱ्याच पेशंटना दोन्ही असतं. नळीचं काम म्हणजे ती हवा आणि रक्त बाहेर काढणं आणि बाहेरची हवा परत आत जाऊ न देणं. हे दुसरं काम बाटलीतलं पाणी करतं. नळीला जोडलेल्या पोकळ दांडीचं टोक पाण्यात साधारण २ सेंटिमीटर बुडलेलं असतं. आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर येते, पण उलट दिशेला पाणी आडवं येतं. जर्मनीतल्या गोटहार्ड ब्यूलाऊ यांनी १८९१ मध्ये ही पद्धत छापून मांडली, आणि आजही आपल्या वॉर्डातली बाटली त्याच तत्त्वावर चालते.

बेडजवळ बसलेल्या माणसाने सगळ्यात आधी बघायचं ते दांडीतलं पाणी. आम्ही राउंडला विचारतो, 'कॉलम हलतोय का?' पेशंटने श्वास घेतला की पाणी वर चढतं, सोडला की खाली येतं. (व्हेंटिलेटरवर हे उलटं दिसतं.) हलतंय म्हणजे नळी मोकळी आहे. मग बुडबुडे. ते येतायत म्हणजे अजून हवा गळतेय. खोकताना एखाददुसरा आला आणि एरवी शांत असेल तर गळती कमी होत चालली आहे. एकसारखे भसाभसा येत असतील तर आधी नळीचे जोड बघायचे, कारण कधी कधी हवा फुफ्फुसातून नाही तर सैल जोडातून येते. आणि शेवटी रक्त किती आलं ते. बाटलीत सुरुवातीला पाणी किती घातलं ते पट्टीवर लिहिलेलं असतं. ते वजा केल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. पट्टी लिहिलेली नसेल तर सिस्टरकडून लगेच लिहून घ्या. मागायला लाजू नका.

प्रश्न विचारा. डॉक्टर मंडळींनी भर घालावी.

कडवा_काठ
ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझा धाकटा भाऊ ब्लोअरचा (बागेत फवारणी करायचा) ट्रॅक्टर बांधावरून कलंडून खाली सापडला. तालुक्याच्या ठिकाणी एका छोट्या दवाखान्यात झोपवून एक्स-रे काढला आणि 'मुका मार आहे' म्हणून पट्टा बांधून घरी पाठवलं. रात्री दम लागला तेव्हा नाशिकला आणला. तिथे नळी टाकली. काल दुपारपर्यंत बुडबुडे येत होते, संध्याकाळपासून बंद आहेत. घरचे म्हणतात बरं झालं. पण वहिनीला वाटतंय की नळी बंद पडली. कोणाचं खरं?

रातपाळी
दादा, दोन्ही शक्यता आहेत, म्हणून फक्त बुडबुड्यांवर जायचं नाही. आत्ता दांडीतलं पाणी बघा. त्यांना एक खोल श्वास घ्यायला सांगा आणि मग खोकायला सांगा. पाणी वरखाली होतंय आणि बुडबुडे नाहीत, तर गळती थांबली असण्याची शक्यता जास्त. पाणी अजिबात हलत नसेल तर फुफ्फुस पूर्ण उघडून भिंतीला टेकलेलं असू शकतं, किंवा नळी कुठेतरी दुमडली असेल, किंवा रक्ताच्या गुठळीने बंद झाली असेल. पाठीखाली बघा, कुशीखाली बघा, बेडच्या कठड्यात अडकली आहे का बघा. नळी लोंबकळून खाली झोळ पडला आणि त्यात रक्त साचलं तरी पाणी हलणं थांबतं.

आणि दम वाढला, नाडी पळायला लागली, ऑक्सिजनचा आकडा खाली आला, तर हे सगळं तपासत बसू नका. सिस्टरला आधी हाक मारा.

कडवा_काठ
पाणी हलतंय ताई. नळी कठड्याच्या पट्टीत दाबली गेली होती, ती सोडवली आणि लगेच दोन-तीन बुडबुडे आले. सिस्टरना सांगितलं, त्या डॉक्टरांना घेऊन आल्या.

सर्जन_सिन्नर
वहिनींनी छान लक्ष ठेवलं.

झोपवून काढलेल्या एक्स-रेबद्दल थोडं सांगतो, कारण हे वारंवार दिसतं. माणूस आडवा असला की हवा पुढच्या बाजूला, छातीच्या खालच्या भागात जमते आणि साध्या एक्स-रेत हुकते. थोडी असेल तर हमखास हुकते. म्हणून मोठ्या अपघातात आता छातीची सोनोग्राफीही करतात. पोटातलं रक्त बघायला जी तपासणी होते तीच थोडी वर नेऊन. त्यात फुफ्फुस भिंतीवर सरकताना दिसतं. सरकत नसेल तर संशय घ्यायचा. एक्स-रे चांगला आला तरी बरगडीला मार लागलेल्या माणसाला दम लागत असेल, कातडीखाली दाबल्यावर कुरकुर लागत असेल, तर त्याला घरी सोडायचं नाही.

उलटही सांगतो. हवा दिसली की नळी टाकलीच पाहिजे असं नाही. सीटी स्कॅनमध्ये मोजून ३५ मिलिमीटरच्या आत हवा असेल, पेशंटला त्रास नसेल, रक्तदाब आणि ऑक्सिजन व्यवस्थित असेल, तर नळी न टाकता लक्ष ठेवून थांबता येतं. अर्थात ते हॉस्पिटलमध्येच, पुन्हा एक्स-रे काढून. घरी नाही.

मखमलाबाद
सर, नळी केवढी जाड टाकतात? माझ्या सासऱ्यांना टाकली तेव्हा बोटाएवढी वाटली मला. बारीक टाकता येत नाही का?

सर्जन_सिन्नर
मापाला फ्रेंच म्हणतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. अपघातात रक्त साठलेलं असेल तर २८ ते ३२ फ्रेंचची नळी वापरतात, म्हणजे सव्वानऊ ते पावणेअकरा मिलिमीटर. पूर्वी ३६-४० पर्यंत टाकायचे, पण जास्त जाड टाकून वेगळा फायदा मिळत नाही हे दिसून आलं. फक्त हवा असेल तर १४ फ्रेंचची बारीक, टोकाला वळलेली पिगटेलही चालते, आणि दुखतं कमी. पेशंट स्थिर असेल तर रक्तासाठीही पिगटेल वापरणारे आता बरेच आहेत. मी स्वतः ताजं, भरपूर रक्त असेल तर जाड नळीच टाकतो.

जागा काखेच्या खाली, चौथ्या-पाचव्या बरगडीच्या फटीत. बरगडीच्या खालच्या कडेने शीर आणि नस जाते, म्हणून नेहमी खालच्या बरगडीच्या वरच्या कडेवरून आत जायचं. चीर दिली की आधी बोट घालून चाचपायचं, मगच नळी. टोकदार सळई घालून नळी ढकलायची जुनी पद्धत मी कोणालाही करू देत नाही.

घोटी_१०८
मी १०८ वर डॉक्टर आहे, कसारा घाट आणि घोटी भागात. एक गोष्ट इथे लिहायलाच हवी.

काही पेशंटमध्ये हवा आत जाते पण बाहेर येत नाही. प्रत्येक श्वासाला दाब वाढत जातो, हृदय आणि मोठ्या शिरा दुसऱ्या बाजूला ढकलल्या जातात, रक्तदाब कोसळतो. तिथे एक्स-रेची वाट बघायला वेळच नसतो. जाड सुईने हवा मोकळी करावी लागते. पूर्वी कॉलरबोनच्या खाली, बरगड्यांच्या दुसऱ्या फटीत टोचायचे. एटीएलएस (अपघातातल्या उपचारांचा डॉक्टरांसाठीचा कोर्स) याच्या २०१८ च्या आवृत्तीपासून मोठ्या माणसांमध्ये काखेच्या बाजूची चौथी-पाचवी फट सांगितली जाते, कारण पुढच्या बाजूला स्नायू जाड असला की सुई आत पोचतच नाही. लहान मुलांत जागा तीच जुनी. सुई ही तात्पुरती सोय. लगेच पाठोपाठ नळी हवी.

आता मुद्द्यावर येतो. लहान गावातून नळी टाकून पेशंट नाशिकला पाठवतात आणि नळीला आर्टरी (बंद करायचा चिमटा) लावलेली असते, 'रस्त्यात सांडू नये म्हणून'. बुडबुडे येणाऱ्या नळीला चिमटा लावला तर आपण तीच कोंडी हाताने तयार करतो. मी गाडीत घेताना आधी आर्टरी काढतो, मग स्ट्रेचर उचलतो.

रातपाळी
सर, शंभर टक्के. मी हे वॉर्डात डोळ्यांनी बघितलं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

पेशंट सीटीला न्यायचा होता. ट्रॉलीवर घेताना कोणीतरी नळीला आर्टरी लावली आणि बाटली पेशंटच्या दोन पायांमध्ये गादीवर आडवी ठेवली. लिफ्टपर्यंत पोचेपर्यंत तो माणूस ट्रॉलीवर उठून बसायला लागला. बोलता येईना, मानेच्या शिरा फुगलेल्या, ओठ निळसर. सोबतची आमची ज्युनिअर सिस्टर शिकाऊ होती, पण तिने आधी आर्टरी काढली आणि बाटली उचलून ट्रॉलीच्या खाली धरली. बाटलीत एकदम हवेचा लोट आला. मिनिटभरात तो माणूस परत आडवा झाला. त्या दिवसापासून आमच्या वॉर्डात ट्रॉलीला बाटलीसाठी खाली हूक आहे आणि नळी असलेल्या पेशंटबरोबर जाणाऱ्या वॉर्डबॉय मामांना आधी बाटली कशी धरायची ते विचारलं जातं.

बाटली कायम छातीच्या खाली हवी. वर उचलली तर त्यातलं पाणी आणि रक्त उलटं छातीत जातं. चालताना कमरेच्या खाली, झोपल्यावर बेडच्या खाली, उभी. आडवी केली की दांडीचं टोक पाण्याबाहेर येतं आणि सील तुटतं. बाटलीच्या झाकणाला हवा जायला एक तोंड असतं, ते उघडंच असलं पाहिजे. 'वास येतो' म्हणून त्याला बोळा लावलेलाही मी पाहिला आहे.

सर्जन_सिन्नर
एक अपवाद नोंदवतो, नाहीतर कोणीतरी डॉक्टरांशी भांडायला जाईल. नळी काढायच्या आधी काही सर्जन काही तास क्लॅम्प लावून एक्स-रे काढून बघतात. काही लावत नाहीत. दोन्ही पद्धती चालतात. पण ते बुडबुडे थांबल्यानंतर, जाणीवपूर्वक, पेशंटवर नजर ठेवून, आणि दम लागला तर लगेच उघडायच्या तयारीने. बाटली बदलताना क्षणभर चिमटीत धरणंही वेगळं. प्रवासात लावणं हे यात बसत नाही.

घोटी_१०८
मान्य सर. माझा रोख प्रवासावरच होता.

श्वासव्यायाम
फिजिओथेरपिस्ट आहे, गंगापूर रोडला. नळीवर चर्चा चालली आहे, पण फुफ्फुस उघडायचं निम्मं काम पेशंटनेच करायचं असतं हे राहून गेलं.

कडवा_काठ यांनी पट्ट्याचं लिहिलंय त्यावर आधी बोलते. छातीला घट्ट पट्टा किंवा क्रेप बांधणं ही आपल्याकडची जुनी सवय. हाडवैद्याकडून छाती आवळून, वर लेप लावून आलेले पेशंटही मी पाहिले आहेत. बांधल्यावर दुखणं कमी वाटतं कारण छाती हलत नाही. आणि छाती हलत नाही म्हणूनच कफ साठतो, फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो आणि न्यूमोनिया होतो. बरगडी आपली आपण जुळते, तिला आवळायची गरज नाही.

मोडलेल्या बरगड्यांत माणूस श्वास अर्धवट घेतो, कारण दुखतं. म्हणून दुखणं मारणं ही चैन नाही, उपचाराचाच भाग आहे. गोळी दुखल्यावर नाही तर ठरलेल्या वेळेला द्यायची. जास्त बरगड्या मोडल्या असतील तर भूलतज्ज्ञ पाठीत किंवा बरगड्यांच्या नसेपाशी ब्लॉक (बधिर करायचं इंजेक्शन) देतात, त्याबद्दल विचारा. वयस्कर माणसांसाठी तर नक्की विचारा. आणि कोणतीही जास्तीची गोळी स्वतःहून मेडिकलमधून आणून देऊ नका. किडनीचा त्रास असेल तर काही वेदनाशामकं महागात पडतात.

मग व्यायाम. तीन बॉलचं स्पायरोमीटर बहुतेकांना दिलं जातं आणि बहुतेक जण त्यात फुंकतात. फुंकायचं नाही, ओढायचं. हळू ओढून बॉल वर नेऊन तिथे थोडा धरायचा. जागेपणी तासातासाला, थोडं थोडं. खोकताना छातीच्या मोडक्या बाजूला उशी किंवा घडी केलेला टॉवेल घट्ट धरायचा. बसायचं, उतरायचं, बाटली हातात घेऊन वॉर्डात फिरायचं. 'नळी आहे, हलू नको' हा सल्ला चुकीचा आहे. ज्या बाजूला नळी आहे तो खांदाही हलवत राहायचा, नाहीतर घरी गेल्यावर हात वर जात नाही.

मखमलाबाद
आमच्या सासऱ्यांच्या वेळी सिस्टर नळी बोटांनी दाबत दाबत खाली ओढायच्या, गुठळी पुढे जावी म्हणून. ते बरोबर आहे का?

रातपाळी
पूर्वी सर्रास करायचे. आता सरसकट करत नाहीत, कारण नळी लांबवर दाबून ओढली की आत एकदम फार जोराचा खेच तयार होतो आणि फुफ्फुसाला इजा होऊ शकते. गुठळी डोळ्यांना दिसत असेल तर तेवढ्याच जागी हलकं दाबून सोडतात, तेही डॉक्टरांना विचारून. नातेवाईकांनी करायचं नाही.

कडवा_काठ
आणखी दोन प्रश्न. रक्त किती आलं म्हणजे घाबरायचं? आणि नळी चुकून निघाली तर?

सर्जन_सिन्नर
नळी टाकल्या टाकल्या १५०० मिली रक्त आलं, किंवा नंतर ताशी २०० मिली दराने दोन ते चार तास येतच राहिलं, तर छाती उघडून रक्तस्राव थांबवायचा विचार करतात. पण आकडा एकटा बघत नाहीत. पेशंटचा रक्तदाब, नाडी, किती रक्त चढवावं लागतंय, हे सगळं धरून ठरतं. पहिल्या दिवशी लाल, मग गुलाबी, मग पिवळसर पाणी, असा क्रम चांगला. पिवळसर झालेलं पुन्हा एकदम लाल झालं तर लगेच कळवा. आणि येणारं रक्त अचानक पूर्ण थांबलं, पण पेशंटला बरं वाटत नसेल, तर ते थांबणंही संशयास्पद.

बऱ्याचदा रक्त आत गोठून राहतं आणि नळीतून येत नाही. एक्स-रेवर पांढरेपणा तसाच राहिला तर सीटी करून दुर्बिणीने ते धुवून काढावं लागतं, शक्यतो पहिल्या आठवड्याच्या आत. उशीर झाला तर त्याचं जाड सालपट बनतं, पू होऊ शकतो आणि ऑपरेशन मोठं होतं. आपल्याकडे 'बघू अजून थोडे दिवस' यात हा आठवडा निघून जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

रातपाळी
नळी निघाली तर ती परत आत ढकलायची नाही. भोकावर लगेच हात किंवा स्वच्छ गॉझ दाबून धरा आणि ओरडून सिस्टरला बोलवा. आम्ही गॉझ तीन बाजूंनी चिकटवतो, चौथी मोकळी ठेवतो, म्हणजे आतली हवा बाहेर पडू शकते. झाकल्यावर दम वाढत असेल तर झाकलेलं उचलायचं. नळी आतच असेल आणि फक्त बाटलीपासून सुटली असेल, तर नळी हाताने दुमडून धरा, सिस्टर जोडून देतील. बाटलीच फुटली तर आम्ही नळीचं टोक सलाईनच्या बाटलीत बुडवून ठेवतो आणि नवीन आणतो.

पंचवटी_अण्णा
पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. रस्त्यावरचा वाहन अपघात असेल तर २०२५ पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाखापर्यंत. शिवाय महात्मा फुले जन आरोग्य योजना आहेच. हॉस्पिटलमध्ये भरती झाल्याबरोबर योजनेच्या खिडकीवर आरोग्यमित्राला गाठा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. डिस्चार्जच्या दिवशी गेलात तर धावपळ होते.

कडवा_काठ
धन्यवाद अण्णा. भावाचा अपघात शेतात झाला, पण फुले योजनेचं उद्याच बघतो.

डॉक्टरांनी आज सांगितलं की फुफ्फुस उघडलंय, बहुतेक परवा नळी काढू. काढताना फार दुखतं का? आणि बाग छाटणीला आली आहे, तो विचारतोय ट्रॅक्टरवर कधी बसू. त्याला मेव्हण्याकडे दिल्लीलाही जायचंय, ओझरहून विमानाने.

रातपाळी
नळी काढायला काही सेकंद लागतात. आधी वेदनाशामक द्यायला सांगा. खोलवर श्वास घेऊन रोखायला किंवा पूर्ण सोडून रोखायला सांगतील, डॉक्टर सांगतील तसं करायचं. मध्येच श्वास ओढायचा नाही, एवढंच महत्त्वाचं. त्याच वेळी टाका आवळून घेतात. काढायच्या आधी डॉक्टर बघतात ते असं: खोकल्यावरही बुडबुडे नाहीत, एक्स-रेत फुफ्फुस उघडलेलं आहे आणि चोवीस तासांत २०० मिलीच्या आत, पातळ, पिवळसर पाणी येतंय. काढल्यावर पुन्हा एक एक्स-रे होतो. तो बघितल्याशिवाय घरी निघू नका.

सर्जन_सिन्नर
विमानात केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, त्यामुळे छातीत अडकून राहिलेली हवा फुगते. एक्स-रेत फुफ्फुस पूर्ण उघडलेलं दिसल्यावरही किमान एक आठवडा विमान नको. मार लागून झालेलं असेल तर मी दोन आठवडे थांबायला सांगतो. जाण्याआधी एक्स-रे काढा. गाडीने किंवा रेल्वेने घाट चढायला हरकत नाही.

ट्रॅक्टरवर बसायची घाई करू नये. बरगड्या जुळायला साधारण सहा आठवडे लागतात, आणि ब्लोअरच्या ट्रॅक्टरचे हिसके थेट छातीत बसतात. फॉलोअपला येऊन, एक्स-रे दाखवून, मग ठरवा. छाटणीला या वर्षी दुसरा माणूस लावा. विडी-सिगारेट ओढत असेल तर तीही बंद.

घरी गेल्यावर अचानक छातीत दुखून दम लागला, ताप आला, जखमेतून पाणी किंवा पू आला, मानेखाली-छातीवर सूज येऊन दाबल्यावर कुरकुर लागली, तर तालुक्यात थांबू नका, १०८ ला फोन करून थेट नाशिक गाठा. टाका सात ते दहा दिवसांनी निघतो.

कडवा_काठ
सर, ताई, सगळ्यांचे आभार. फोनमधून हे वहिनीला वाचून दाखवलं. तिने बाटलीवर स्वतः नवीन पट्टी चिकटवून तास आणि पाण्याची पातळी लिहायला सुरुवात केली आहे. शेजारच्या बेडवरच्या पोरालाही आयसीडी आहे, त्याच्या आईला ती दांडीतलं पाणी दाखवतेय.

रातपाळी
त्या आईंना सांगा, पट्टीवर सुरुवातीचं पाणी आधी लिहा. आणि बाटली भरत आली, दांडी खूप खोल बुडाली, तर बदलून मागा. जास्त खोल बुडाली की हवेला बाहेर पडायला जोर लागतो.